७० लाख, ८० लाख, २ कोटी: ओबामाकेअरमुळे विमा नक्की किती जणांना मिळाला?

१ एप्रिल २०१४ च्या दुपारी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये बराक ओबामांनी एक आकडा जाहीर केला: ७१ लाख. 'ओबामाकेअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या आरोग्य कायद्याखाली उघडलेल्या विमा बाजारातून इतक्या लोकांनी पॉलिसी निवडली होती. हा कायदा रद्द करायचा की नाही, हा वाद आता मिटला, असंही ते म्हणाले.

त्याच्या दोनच दिवस आधी वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर जॉन बरासो यांनी टीव्हीवर आरोप केला होता की सरकार आकड्यांची हेराफेरी करतंय. आणि मार्चच्या मध्यावर प्रतिनिधीगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी तर सांगून टाकलं होतं की कायद्यामुळे विमा असलेल्यांची संख्या वाढलेली नाही, उलट घटली आहे असं त्यांना वाटतं. तिघेही एकाच देशाबद्दल, एकाच कायद्याबद्दल बोलत होते.

मला हे प्रकरण अमेरिकेच्या राजकारणापेक्षा एका साध्या प्रश्नासाठी महत्त्वाचं वाटतं. सरकारी योजनेचा लाभ किती जणांना झाला, हे मोजायचं कसं? या प्रश्नावर इतकं उघड्यावर, इतक्या आकड्यांनिशी झालेलं दुसरं भांडण माझ्या पाहण्यात नाही. आणि यात दोन्ही बाजूंच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या कुठल्याही देशातल्या कुठल्याही योजनेत होऊ शकतात.

कायदा थोडक्यात सांगतो. २३ मार्च २०१० ला ओबामांनी त्यावर सही केली. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ४ कोटी ८६ लाख लोकांकडे कुठलाही आरोग्य विमा नव्हता. कायद्याने विम्याची तीन दारं उघडली. पहिलं, २६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या पॉलिसीवर राहता येणार. दुसरं, गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या प्रौढांना खुली होणार. तिसरं, ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक राज्यात एक बाजार, आणि दारिद्र्यरेषेच्या १०० ते ४०० टक्के उत्पन्न असेल तर हप्त्यावर सरकारी अनुदान. आधीपासून आजार आहे म्हणून विमा कंपनीने पॉलिसी नाकारायची नाही, हा नियम २०१४ पासून सगळ्यांना लागू झाला. विमा न घेणाऱ्याला दंड होता, पहिल्या वर्षी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, यातलं जे जास्त असेल ते.

दुसऱ्या दाराला २८ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कडी घातली. मेडिकेड वाढवायचं की नाही हे ज्या त्या राज्याने ठरवावं, असा निकाल आला. त्यानंतर देशाची जवळजवळ निम्मी राज्यं बाहेर राहिली. पुढच्या सगळ्या आकडेमोडीवर या निकालाची सावली आहे.

७० लाख हे लक्ष्य झालं कसं

अमेरिकेच्या संसदेचं एक अंदाजपत्रक कार्यालय आहे, सीबीओ. कुठल्याही कायद्याचा खर्च आणि परिणाम किती असेल याचा अंदाज ते बांधतं, आणि दोन्ही पक्ष सोयीप्रमाणे ते मानतात किंवा झोडपतात. सीबीओने २०१३ मध्ये म्हटलं होतं की २०१४ साली या बाजारांमधून सुमारे ७० लाख लोकांना विमा मिळेल. हा वर्षभराचा सरासरी अंदाज होता. जानेवारीत कमी, जूनमध्ये जास्त, काही येतील, काही सोडून जातील, त्या सगळ्यांची सरासरी.

बाजार उघडण्याच्या आदल्या दिवशी आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी टीव्हीवर सांगितलं की मार्च २०१४ अखेर किमान ७० लाख नोंदण्या झाल्या तर ते यश म्हणायचं. वर्षाच्या सरासरीचा अंदाज त्यांनी एका तारखेचं लक्ष्य करून टाकला, आणि मोजायची वस्तूही बदलली: विमा असलेली माणसं ऐवजी अर्ज भरलेली माणसं. मला वाटतं, पुढच्या वर्षभराच्या भांडणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे. त्या दिवसापासून कुणीच 'विमा नसलेले किती उरले' असं विचारेना. सगळे विचारू लागले, 'सत्तर लाख झाले का?'

मग १ ऑक्टोबर २०१३ उजाडला आणि हेल्थकेअर डॉट गव्ह ही या बाजाराची केंद्राची साइट कोसळली. पहिल्याच दिवशी लाखो लोकांनी ती उघडून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी अधिकाऱ्यांची बैठक झाली, तिच्या टिपणात एक ओळ आहे: आतापर्यंत नोंदण्या ६. सहा हजार नव्हे, सहा. महिनाअखेर ही टिपणं प्रतिनिधीगृहाच्या समितीने बाहेर काढली. पूर्ण ऑक्टोबर महिन्यात सगळ्या देशात मिळून १,०६,१८५ लोकांनी पॉलिसी निवडली, त्यातले केंद्राच्या साइटवरून फक्त २६,७९४. बाकीचे ज्या राज्यांनी स्वतःच्या साइट काढल्या होत्या तिथले. फेब्रुवारीत सीबीओने आपला अंदाज ६० लाखांवर आणला.

शेवटच्या आठवड्यांत मात्र लोक तुटून पडले. नोंदणी केंद्रांबाहेर रांगा लागल्या. एकूण ८० लाखांपैकी ३८ लाख नोंदण्या १ मार्च ते १९ एप्रिल या काळातल्या आहेत. १७ एप्रिलला ओबामांनी ८० लाखांचा आकडा सांगितला. सेबेलियस यांनी त्याच्या आठवडाभर आधीच राजीनामा जाहीर केला होता.

एका सासूबाईंची मोजणी

आता या ८० लाखांच्या आत काय होतं, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण नियम आणि तारखा खऱ्या आहेत, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांना परिस्थिती ओळखीची वाटेल.

टेक्सासात डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात सासूबाई दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आल्या आहेत. वय ६२, मधुमेह. ६५ च्या पुढच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा असतो, पण ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं राहिल्याशिवाय तो विकतही घेता येत नाही. मेडिकेडलाही पाच वर्षांची अट. २०१४ पूर्वी टेक्सासात खासगी कंपनी मधुमेह पाहूनच दार लावून घ्यायची. म्हणून अशा घरांमध्ये प्रवासी विम्यावर दिवस काढायचे, आणि तो विमा जुन्या आजाराला सहसा पैसे देत नाही. नव्या कायद्यामुळे त्यांना पहिल्यांदाच रीतसर पॉलिसी घेता येऊ लागली.

२८ मार्च २०१४ च्या रात्री सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात. शेजारी ग्रीन कार्ड, गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, गोळ्यांची यादी. साइट दोनदा अडकते. शेवटी पॉलिसी निवडून होते. सासूबाईंना कवळीचं काम करून घ्यायचं आहे, म्हणून दातांची वेगळी पॉलिसीही घेतली जाते. तेव्हा महिन्याच्या १५ तारखेनंतर निवडलेली पॉलिसी पुढचा महिना सोडून सुरू व्हायची, म्हणजे यांचा विमा १ मेपासून. पहिल्या हप्त्याचं बिल एप्रिलच्या शेवटी भरायचं.

सासूबाई आता किती ठिकाणी मोजल्या गेल्या ते बघा. १७ एप्रिलच्या ८० लाखांत त्या आहेत. ३० एप्रिलला प्रतिनिधीगृहाच्या एका समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांनी जाहीर केलं की केंद्राच्या बाजारातल्या फक्त ६७ टक्के लोकांनी पहिला हप्ता भरला आहे. तो हिशेब १५ एप्रिलपर्यंतचा होता. सासूबाईंचं बिल तेव्हा भरायचंच होतं, म्हणून त्या 'न भरणाऱ्या' ३३ टक्क्यांत जमा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पैसे भरणारे ७३ लाख असल्याचं सरकारने पुढे सांगितलं, त्या हिशेबात त्या दोन माणसं झाल्या होत्या: एक आरोग्य पॉलिसीवाल्या, एक दातांच्या पॉलिसीवाल्या. सप्टेंबरात नवरात्रासाठी भारतात गेल्या, सहा महिने राहायचं म्हणून पॉलिसी बंद केली, आणि ऑक्टोबरच्या आकड्यातून एकदम नाहीशा झाल्या. सीबीओच्या वार्षिक सरासरीत त्या म्हणाल तर पाच बारांश माणूस.

आणि त्यांना आधी विमा होता का? सर्वेक्षणवाल्याने विचारलं तर त्या म्हणतील, 'होता की, प्रवासाचा होता.' सर्वेक्षणाच्या व्याख्येत तो आरोग्य विमाच नाही. वय ६२ ऐवजी ६६ असतं, तर १८ ते ६४ वयोगटापुरत्या असलेल्या सर्वेक्षणांत त्यांची नोंदच झाली नसती. ६५ नंतर सगळ्यांना मेडिकेअर असतं, असं गृहीत धरलेलं आहे.

हप्ता आणि दात

'हप्ता भरला का?' हा विरोधकांचा प्रश्न योग्यच होता. ऑनलाइन दुकानात टोपलीत वस्तू टाकली म्हणजे खरेदी झाली असं होत नाही. सरकारने कित्येक महिने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही, कारण पैसे थेट विमा कंपनीकडे जायचे आणि ती माहिती परत सरकारकडे येण्याची यंत्रणा अजून तयार नव्हती. पण ६७ टक्क्यांचा आकडा काढणाऱ्यांनी ज्यांची मुदत आलीच नाही अशांनाही थकबाकीदारांत धरलं. आठवडाभरातच विमा कंपन्यांचे अधिकारी त्याच समितीसमोर आले आणि म्हणाले, ज्यांची मुदत झाली त्यांतल्या ८० ते ९० टक्के लोकांनी पैसे भरले आहेत. समितीच्या रिपब्लिकन सदस्यांना ही साक्ष अपेक्षित नव्हती. पण ६७ चा आकडा तोवर गावभर झाला होता.

सरकारची चूक मला जास्त खटकते. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरिलिन टॅव्हनर या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी संसदेच्या समितीला सांगितलं की पैसे भरून विमा घेतलेले ७३ लाख लोक आहेत. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन सदस्य डॅरेल इसा यांच्या समितीने मूळ आकडे तपासले, तेव्हा आढळलं की त्यात जवळपास ४ लाख निव्वळ दातांच्या पॉलिसी मिसळलेल्या आहेत. आरोग्य पॉलिसी असलेल्यांकडे दातांची वेगळी पॉलिसी असली तर ते दोनदा मोजले गेले होते. दुरुस्त केलेला ऑक्टोबरचा आकडा ६७ लाख निघाला. म्हणजे दात वगळले तर ७० लाखांची रेषा ओलांडलेलीच नव्हती. नव्या आरोग्यमंत्री सिल्व्हिया मॅथ्यूज बर्वेल यांनी ही चूक अक्षम्य असल्याचं लगेच मान्य केलं.

चूक मुद्दाम होती की हलगर्जीपणाची, याचा निवाडा मी करणार नाही. परिणाम मात्र दिसतो. ६७ लाख हा आकडा सीबीओच्या सुधारित ६० लाखांच्या अंदाजापेक्षा चांगलाच होता. तो तसाच सांगितला असता तर कुणी नावं ठेवली नसती. सेबेलियस यांनी ७० लाखांची खूणगाठ बांधून ठेवली होती, त्यामुळे ६७ सांगणं म्हणजे हरणं झालं होतं.

ज्यांची पॉलिसी गेली ते

बेनर यांचं विधान कुठून आलं, हेही नीट समजून घ्यायला हवं. २०१३ च्या शरद ऋतूत लाखो लोकांच्या घरी विमा कंपनीचं पत्र आलं: तुमची सध्याची पॉलिसी नव्या नियमांत बसत नाही, ती बंद होत आहे. ओबामांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं की तुम्हाला तुमची पॉलिसी आवडत असेल तर ती राहील. ते खरं नव्हतं. ७ नोव्हेंबरला त्यांनी एका मुलाखतीत माफी मागितली, आणि डिसेंबरात एका तथ्य तपासणाऱ्या संस्थेने त्या वाक्याला वर्षातलं सर्वांत मोठं खोटं ठरवलं. ज्यांना हे पत्र आलं त्यांचा संताप खरा होता. एखाद्या चाळिशीतल्या धडधाकट माणसाची स्वस्त पॉलिसी गेली आणि अनुदान मिळण्याइतकं त्याचं उत्पन्न कमी नसेल, तर त्याला नवी पॉलिसी खरोखर महाग पडली.

पण किती जणांना? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केलेल्या मोजणीत किमान ४७ लाख पत्रं निघाली. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणातून अंदाज आला २६ लाखांचा. बेनर ६० लाख म्हणत होते, आणि त्यातून तोवरच्या ४२ लाख नोंदण्या वजा करून घट झाली असं सांगत होते. ही वजाबाकी चुकीची होती. पॉलिसी बंद झालेला माणूस बिनविम्याचा होतो असं त्यात धरलं होतं. प्रत्यक्षात बहुतेकांनी दुसरी पॉलिसी घेतली, काहींना त्याच कंपनीने नवी दिली, काहींना बाजारातून मिळाली. १४ नोव्हेंबरला ओबामांनी जुन्या पॉलिसी वर्षभर चालू ठेवायला राज्यांना परवानगी दिली, त्यामुळे काहींची जुनीच राहिली. शिवाय अमेरिकेत स्वतः विकत घेतलेला विमा कधीच फार टिकत नसे. माणूस दोन नोकऱ्यांच्या मध्ये तो घेतो आणि नोकरी लागली की सोडतो. कायद्यापूर्वीच्या वर्षांतही निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात असा विमा सोडून देत होते.

माणसांना विचारल्यावर

हे सगळं चालू असताना काही लोक शांतपणे फोन करून आणि घरोघर जाऊन माणसांना एकच प्रश्न विचारत होते: तुमच्याकडे विमा आहे का?

८ एप्रिल २०१४ ला रँड या संशोधन संस्थेने आपला अहवाल काढला. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. त्यांनी २,४२५ प्रौढांना सप्टेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१४ मध्ये तेच विचारलं. त्याच माणसांना दोनदा विचारल्यामुळे कोण कुठून कुठे गेलं ते दिसलं. आधी विमा नव्हता आणि आता आहे असे १ कोटी ४५ लाख निघाले. आधी होता आणि आता नाही असे ५२ लाख. निव्वळ वाढ ९३ लाख, त्यात ३५ लाख इकडेतिकडे होऊ शकतात, असंही त्यांनी तिथेच लिहिलं.

त्या अहवालात दोन्ही पक्षांना अडचणीच्या गोष्टी होत्या. ओबामांच्या बाजूला अडचण ही की नव्या बाजारातून विमा घेतलेल्या ३९ लाखांपैकी आधी बिनविम्याचे फक्त १४ लाख होते. बाकीचे एक पॉलिसी सोडून दुसरीवर आलेले. विरोधकांना अडचण ही की एकूण वाढ ठणठणीत होती, आणि पॉलिसी गेल्यामुळे बिनविम्याचे झालेले लोक दहा लाखांपेक्षा कमी होते. शिवाय कुणीच न बोललेली तिसरी गोष्ट: सगळ्यांत मोठी वाढ नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात झाली होती, ८२ लाख. विमा घेतला नाही तर दंड आहे म्हटल्यावर ज्यांनी आजवर कंपनीचा विमा नाकारला होता त्यांनी तो घेतला असावा, अर्थव्यवस्थाही सावरत होती. हे लोक एकाही सरकारी साइटवर आले नाहीत. कुठल्याच नोंदणीच्या आकड्यात ते सापडले नसते.

जूनमध्ये कैसर फॅमिली फाउंडेशनच्या सर्वेक्षणात बाजारातल्या ५७ टक्के लोकांनी आधी विमा नव्हता असं सांगितलं. त्याआधी मॅकिन्सीच्या पाहणीत ते प्रमाण २६ टक्के होतं. फरक प्रश्नाच्या शब्दांत होता, कुणाला विचारलं त्यात होता, आणि शेवटच्या गर्दीत कोण आलं त्यातही होता. आजारी आणि गरजू माणूस पहिल्या दिवशी रांगेत उभा राहतो. ज्याने आयुष्यात विमा घेतला नाही, तो शेवटच्या रात्री येतो.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत बिनविम्याच्या प्रौढांचं प्रमाण २०१३ च्या तिसऱ्या तिमाहीत १८ टक्के होतं, ते २०१४ च्या दुसऱ्या तिमाहीत १३.४ वर आलं. त्यावरून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जुलैत एक लेख आला: १८ ते ६४ वयाचे १ कोटी ३ लाख लोक नव्याने विम्याखाली आले. हिशेबाची पद्धत बदलली तर हा आकडा ७३ लाख ते १ कोटी ७२ लाख इथपर्यंत हलतो. बातम्यांत मधला आकडा तेवढा आला.

मध्येच जनगणना विभागाचं प्रकरण उपटलं. एप्रिल २०१४ मध्ये बातमी आली की विभाग आपल्या वार्षिक पाहणीतले विम्याचे प्रश्न बदलतोय. विरोधकांना लगेच संशय आला, आणि ऐन त्याच वर्षी बदल झाल्यावर संशय येणं स्वाभाविक होतं. पण कारण जुनं होतं. जुन्या प्रश्नावलीत 'गेल्या वर्षात कधी विमा होता का' असं विचारत, आणि लोक आजच्या स्थितीचं उत्तर देत, त्यामुळे बिनविम्याचे फुगून दिसत. नव्या प्रश्नांची चाचणी आधीपासून चालू होती. आणि नव्या पद्धतीने २०१३ सालचंही मोजलं गेलं, त्यामुळे त्या वर्षाची २०१४ शी तुलना करता आली: बिनविम्याचे ४ कोटी १८ लाखांवरून ३ कोटी ३० लाखांवर. ८८ लाखांची घट.

मला सगळ्यांत पटणारा पुरावा मात्र राज्यांच्या तुलनेचा आहे. अर्थव्यवस्था सुधारली म्हणून विमा वाढला, असं म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर मिळतं. केंटकीने मेडिकेड वाढवलं, आणि गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी 'कायनेक्ट' नावाची राज्याची साइट काढली, जी पहिल्या दिवसापासून चालली. गॅलपच्या मते तिथे बिनविम्याचे प्रौढ २०१३ मध्ये २०.४ टक्के होते, २०१४ मध्ये ९.८. आर्कान्सासात २२.५ वरून ११.४. टेक्सासने मेडिकेड वाढवलं नाही: २७ वरून २४.४. अर्थव्यवस्था तर टेक्सासातही सुधारत होती.

२ कोटी

३ मार्च २०१६ ला ओबामा मिलवॉकीत म्हणाले, २ कोटी. सरकारी हिशेबात त्यातले १ कोटी ७७ लाख ऑक्टोबर २०१३ नंतरचे प्रौढ होते आणि २३ लाख त्याआधी आईवडिलांच्या पॉलिसीवर आलेली तरुण मुलं. (याच मुलांचा आकडा पूर्वी ३१ लाख सांगितला जायचा. तो गुपचूप खाली आला.) राष्ट्रीय आरोग्य पाहणी ही कुठल्याच पक्षाच्या ताब्यात नसलेली, घरी जाऊन केलेली पाहणी. तिच्यात बिनविम्याचे २०१० च्या ४ कोटी ८६ लाखांवरून २०१५ मध्ये २ कोटी ८६ लाखांवर आले. घट २ कोटींची. हा आकडा मी खरा धरतो.

विरोधकांचं जे म्हणणं खरं निघालं, तेही इथे नोंदवायला हवं. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने विमा कंपन्यांच्या आणि मेडिकेडच्या नोंदी जोडून २०१४ ची निव्वळ वाढ सुमारे ९२ लाख काढली, आणि तिच्यातली जवळपास सगळी मेडिकेडमधली असल्याचं दाखवलं. त्यांच्या हिशेबात नोकरीतला विमा घटला होता, रँडच्या अगदी उलट. त्या भागावर वाद घालता येईल, पण खासगी बाजारापेक्षा मेडिकेडने जास्त भार उचलला हे पुढच्या वर्षांत दिसलं. सीबीओने २०१६ साठी बाजारांत २ कोटींहून अधिक लोकांचा अंदाज केला होता, प्रत्यक्षात मार्चमध्ये १ कोटी ११ लाख होते. ज्या बाजारावर सहा महिने भांडण झालं, तो या कायद्याचा छोटा हात निघाला.

२०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडे सगळी सत्ता आली आणि मोजणी उलटी सुरू झाली. त्यांच्या विधेयकामुळे २०२६ पर्यंत २ कोटी ४० लाख लोक विम्याबाहेर जातील, असं सीबीओने सांगितलं. आता डेमोक्रॅट तो आकडा उंचावून धरत होते आणि रिपब्लिकन म्हणत होते की त्यातले बरेच लोक दंड नसल्यामुळे स्वखुशीने सोडतील, त्यांना 'गमावलेले' का म्हणायचं? प्रश्न चुकीचा नव्हता. ४ मे रोजी ते विधेयक प्रतिनिधीगृहात २१७ विरुद्ध २१३ मतांनी पास झालं. सिनेटमधला प्रयत्न २८ जुलैच्या पहाटे जॉन मॅकेन यांच्या मताने पडला, ४९ विरुद्ध ५१. कायद्याला विरोध करणाऱ्यांपैकी काही जण तोवर आपापल्या राज्यातल्या मेडिकेडवाल्यांची चिंता जाहीरपणे बोलून दाखवू लागले होते.

दोन्ही बाजू ज्या आकड्यांवर भांडल्या, त्यांत एक माणूस कुठेच नाही. टेक्सासातला, एकटा, मुलंबाळं नसलेला, अमेरिकेचा नागरिक. २०१४ च्या विम्यासाठी एका माणसाची दारिद्र्यरेषा ११,४९० डॉलर धरली होती. त्याने वर्षाला ११,६०० डॉलर कमावले, तर अनुदानानंतर त्याला चांगली पॉलिसी महिना १९-२० डॉलरला मिळायची. ११,००० कमावले तर अनुदान शून्य, कारण इतक्या गरिबाला मेडिकेड मिळेल असं धरून कायदा लिहिला होता, आणि टेक्सासने मेडिकेड वाढवलं नव्हतं. आपल्या उदाहरणातल्या सासूबाईंना, ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली नाहीत म्हणून, तेवढ्याच उत्पन्नावर अनुदान मिळू शकत होतं. त्याला नाही. पहिल्या वर्षी असे ४० लाखांच्या आसपास लोक होते. त्यांनी अर्ज भरला तर साइट उत्तर द्यायची की तुम्ही पात्र नाही. त्यांनी पॉलिसी निवडली नाही, म्हणून ते ८० लाखांत नाहीत. त्यांची कुठली पॉलिसी बंद झाली नाही, म्हणून बेनर यांच्या ६० लाखांतही नाहीत.